‘पक्का’ शब्दाची वंशावळ

लखनौत गोमतीवर १९१४ साली खुला झालेला लाल पूल आहे. आम्ही येथील मंडळी त्यास ‘पक्का पूल’ म्हणतो. ह्याच ‘पक्का’ विशेषणाने इंग्रजीतही बिऱ्हाड थाटले. यूल व बर्नेल यांच्या १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशात त्याची नोंद आहे. गोऱ्या अंमलदारांच्या तोंडी ‘पक्का साहेब’ म्हणजे अस्सल, कुलीन इंग्रज. नेटिवांपासून चार हात दूर राहणारा.

शब्दाचे कुळ मात्र निराळेच सांगते. संस्कृत ‘पच्’ म्हणजे शिजविणे. त्यापासून ‘पक्व’, प्राकृतात ‘पक्क’, आणि पुढे ‘पक्का’. आपले ‘पिकणे’ही त्याच घरचे. लॅटिनमधील ‘कोक्वेरे’ हे ‘पच्’चेच भावंड, आणि त्या लॅटिन घराण्यातूनच इंग्रजांचा ‘कुक’ आला. म्हणजे साहेबाची ऐट आणि त्याच्या मुदपाकखान्यातील आचारी, दोन्ही एकाच धातूची लेकरे! कुलशुद्धीची ग्वाही देण्यास साहेबाने जो शब्द उचलला, तोच उभयतांच्या भाषांचे जुने नाते सांगत होता. वंशाचा अभिमान मिरविणाऱ्याने आधी आपल्या शब्दांची वंशावळ वाचावी, असे आम्हांस वाटते.