व्हिमची प्लगिन : जोडणे सोपे, काढणे अवघड

#थ्रेड

१/ डच प्रोग्रॅमर ब्राम मोलेनार यांनी १९९१ मध्ये अमिगा संगणकासाठी ‘व्हिम’ हा संपादक प्रसिद्ध केला. बिल जॉय यांच्या ‘व्हीआय’ची ही सुधारित परंपरा पुढे लिनक्सवर सर्वदूर पोहोचली. तिच्या इतिहासात एक साधा प्रश्न दीर्घकाळ अनुत्तरित राहिला : एकदा जोडलेले प्लगिन काढायचे कसे?

२/ २००१ च्या सहाव्या आवृत्तीपासून ठरावीक फोल्डरमधील प्लगिन आपोआप चालू होऊ लागली. मात्र एकाच प्लगिनचा कोड एका फोल्डरमध्ये, मदतपुस्तिका दुसऱ्यात, रंगयोजना तिसऱ्यात जाई. दहा प्लगिन जोडली की कोणती फाइल कोणाची, हे सांगणे कठीण होई. नोंदच नव्हती.

३/ डेबियनकडे अशी नोंद होती. तिची पॅकेज-व्यवस्था प्रत्येक फाइलचा हिशेब ठेवते. पण एका यंत्रावर अनेकजण काम करतात. एकाच्या आवडीने सर्वांचा संपादक का बदलावा? म्हणून ‘व्हिम-ॲडऑन-मॅनेजर’ आला. प्लगिनच्या मूळ फाइली सामाईक जागी राहत. वापरकर्त्याच्या घरच्या फोल्डरमध्ये केवळ त्यांच्याकडे निर्देश करणारे दुवे तयार होत. प्लगिन नको झाले की दुवे पुसायचे, मूळ प्रत अबाधित. यंत्रावर काय असावे हे प्रशासकाने ठरवावे, आपल्या संपादकात काय चालावे हे वापरकर्त्याने, अशी ही विभागणी होती.

४/ मर्यादाही होती : डेबियनमध्ये पॅकेज येईपर्यंत थांबावे लागे. २००८ मध्ये गिटहब सुरू झाले आणि ती प्रतीक्षा अनेकांना नकोशी वाटू लागली. टिम पोप यांच्या ‘पॅथोजेन’ने प्रत्येक प्लगिनला स्वतंत्र फोल्डर दिला, तो पुसला की प्लगिन गेले. ‘व्हंडल’ आणि ‘व्हिम-प्लग’ यांनी पुढचे पाऊल टाकले : सेटिंगच्या फाइलमध्ये नावांची यादी लिहायची, बाकीचे काम गिट करील.

५/ या सोयीची किंमत होती. डेबियनमध्ये कोड पॅकेज-देखभालकर्त्याच्या हातून येई. आता तो लेखकाकडून थेट वापरकर्त्याच्या यंत्रावर उतरू लागला. पारखण्याची जबाबदारीही त्याच्याबरोबर वापरकर्त्याकडे आली.

६/ सप्टेंबर २०१६ मध्ये आठव्या आवृत्तीने स्वतंत्र फोल्डरची कल्पना व्हिममध्येच सामावून घेतली. ‘पॅक’ फोल्डरखाली ‘स्टार्ट’मधील प्लगिन आरंभीच चालू होतात, ‘ऑप्ट’मधील ‘पॅकॲड’ ही आज्ञा दिल्यावरच. काढण्याचा प्रश्न अखेर मूळ घरातच सुटला. त्या आवृत्तीने प्लगिन आणण्याचे व अद्ययावत ठेवण्याचे काम मात्र हाती घेतले नाही. कोणाचा कोड विश्वासाने घरात घ्यावा, हा निर्णय वापरकर्त्याचाच राहिला.

(समाप्त)