हवाई बंदूक व शिकार
हवाई बंदूक म्हणजे दाबलेल्या हवेच्या जोरावर शिशाची गोळी किंवा छर्रा फेकणारी बंदूक. अठराव्या शतकात यूरोपात हरिण व रानडुक्कर यांच्या शिकारीसाठी तिच्या नळीचा व्यास सु. १० मिमी. किंवा त्याहून अधिक ठेवीत. ऑस्ट्रियाच्या सैन्याने १७८० च्या सुमारास स्वीकारलेली हवाई बंदूकही अशीच मोठ्या व्यासाची होती. विसाव्या शतकात ४·५ व ५·५ मिमी. व्यासाच्या, स्प्रिंगवर चालणाऱ्या बंदुका रूढ झाल्या. त्यांचा छर्रा सु. अर्धा ते एक ग्रॅम वजनाचा असतो. लहान पक्ष्यास तो पुरेसा होतो; चितळ वा रानडुक्कर मात्र त्याने बहुधा केवळ जखमी होऊन रानात निसटते.

यवतमाळ जिल्ह्यात टिपेश्वर व पैनगंगा अभयारण्यांच्या परिसरात रोही (नीलगाय) व रानडुकरे पिकांची मोठी नासाडी करतात. तथापि वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये परवानगीशिवाय त्यांना मारणे गुन्हा आहे. शस्त्र नियम, २०१६ नुसार ४·५ मिमी. हून अधिक व्यासाच्या किंवा २० जूलहून अधिक ऊर्जेच्या हवाई बंदुकीस परवाना लागतो. म्हणजेच विनापरवाना मिळणारी बंदूक अशा प्राण्यांच्या शिकारीस असमर्थ असते. तिचा उचित उपयोग नेमबाजीपुरताच होय.