कोणी न विचारलेला '२'

भूगोलाच्या पुस्तकातला पर्जन्यमानाचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. पाऊस मोजतात तो थोड्याच केंद्रांवर, पण रंग भरलेला असतो सगळ्या जिल्ह्यावर. मग मधल्या गावांचा पाऊस आला कुठून? तो आसपासच्या आकड्यांवरून अंदाजाने काढलेला असतो. हे काम संगणकाकडे कसे गेले, ती हकिगत मजेशीर आहे.

हॉवर्ड फिशर हे अमेरिकन वास्तुरचनाकार. १९६५ साली त्यांनी हार्वर्ड विद्यापीठात संगणकावर नकाशे काढणारी प्रयोगशाळा सुरू केली. त्यांच्या आज्ञावलीचे नाव 'सिमॅप'. माहिती छिद्रे पाडलेल्या कार्डांवरून द्यायची आणि नकाशा लाइन प्रिंटरवर छापून यायचा. गडद छटा हवी तर एकाच जागी एकावर एक अक्षरे उमटवायची! नकाशा केवढा हवा, छटा किती हव्यात, हेही कार्डांवरूनच सांगायचे. नाही सांगितले तर आज्ञावली आपल्याजवळची ठरलेली किंमत घेई. बाहेरून पुरवायच्या अशा किमतींना प्राचल, म्हणजेच पॅरामीटर, म्हणतात.

मधल्या जागांचे अंदाज काढण्याची सिमॅपची जुनी रीत समाधानकारक नव्हती. डोनाल्ड शेपर्ड या हार्वर्डच्याच पदवीपूर्व विद्यार्थ्याने नवी रीत सुचवली व १९६८ साली ती प्रसिद्ध केली. कल्पना सोपी आहे. जवळच्या केंद्राला जास्त वजन, दूरच्याला कमी. पण किती कमी? शेपर्डने अंतराच्या वर्गाने भागले, म्हणजे घातांक २ घेतला.

एक हिशेब करू. समजा, गावापासून १० किमीवरच्या केंद्रावर ६०० मिमी पाऊस पडतो आणि २० किमीवर, घाटमाथ्यावर, ६००० मिमी. घातांक १ घेतला तर वजने २ व १. गावाचा पाऊस २४०० मिमी. घातांक २ घेतला तर वजने ४ व १; उत्तर १६८० मिमी. घातांक ३ घेतला तर वजने ८ व १. उत्तर १२०० मिमी. पाऊस तोच, केंद्रे तीच, पण उत्तर एकदम निम्म्यावर! पीक कोणते घ्यावे, बंधारा केवढा बांधावा, हे अशा आकड्यांवर ठरवणाऱ्याने काय करावे?

पुढे अशी कामे एकामागून एक आपोआप व्हावीत म्हणून आज्ञा ओळीने लिहून ठेवण्याची, म्हणजे स्क्रिप्टची, पद्धत आली. 'आर्क-इन्फो'च्या स्क्रिप्टमध्ये पहिल्या ओळीत प्राचलांची नुसती नावे असत. देताना क्रम चुकला, की अंतराच्या जागी फाइलचे नाव जाऊन बसे. १९८२ साली अमेरिकी लष्कराच्या प्रयोगशाळेत सुरू झालेल्या 'ग्रास'मध्ये अधिक शिस्त आली. प्रत्येक प्राचलाचे नाव, प्रकार, ते आवश्यक की ऐच्छिक, आणि न दिल्यास घ्यायची किंमत, हे सारे आधीच जाहीर करायचे. 'आर्कजीआयएस'मध्येही २०१२ पासून हे पायथन भाषेत स्क्रिप्टच्या आतच लिहिता येते. त्यावरून चौकटींचा तक्ता पडद्यावर आपोआप तयार होतो. मोठीच सोय ही! मात्र घातांकाच्या चौकटीत दोन्हीकडे २ हा आकडा आधीच भरलेला असतो.

मीही तो कित्येक वर्षे तसाच ठेवला. एकदा एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, दोनच का?" तेव्हा शेपर्डचा लेख काढून वाचला. कारण साधे होते. दोनने नकाशे बरे दिसत होते, आणि गणित करायला तो सर्वांत सोपा होता. कुठल्याही पावसाशी त्याचा संबंध नव्हता.

मग आम्ही एकेक केंद्र झाकून बाकीच्यांवरून त्याचा पाऊस काढत बसलो. खरा आकडा हाताशी होताच. सपाटीवर कोणताही घातांक चालून जात होता, पण घाटाजवळ तिन्ही चुकत होते. डोंगराची उंची त्या रीतीला कोणी सांगितलेलीच नव्हती, आणि ती सांगायला चौकटही नव्हती.