गांवच्या घराचा दिवा

वीज कोठून येते, हा प्रश्न ती जाईपर्यंत सहसा कोणास पडत नाहीं. कॅरिबियन समुद्रांतील पोर्तो रिको बेटावर तो २० सप्टेंबर २०१७ रोजीं सर्वांस एकदम पडला. त्या दिवशीं ‘मारिया’ हें चक्रीवादळ बेटावर आदळलें व सारें बेट अंधारांत बुडालें. शेवटच्या घरापर्यंत वीज पोहोंचावयास जवळजवळ अकरा महिने लागले.

एवढा विलंब केवळ वादळामुळें झाला, असें म्हणतां येत नाहीं. मोठीं वीजकेंद्रें बहुतांशीं दक्षिण किनाऱ्यावर, तर विजेचा मुख्य खप उत्तरेस सान हुआन शहराभोंवतीं. मधला डोंगर ओलांडणाऱ्या तारांवरच सारी भिस्त. त्यांतून वीजमंडळ कर्जांत इतकें बुडालेलें कीं, त्याच वर्षीं जुलै महिन्यांत त्यानें दिवाळखोरीचा अर्ज केला होता. जीर्ण झाडास वादळानें शेवटचा धक्का दिला इतकेंच.

याच डोंगराळ भागांतील आदहुंतास गांवीं मात्र एका घरांत दिवा जळत होता. त्या घराचें नांव ‘कासा पुएब्लो’, म्हणजे ‘गांवचें घर’. तांब्याच्या खाणींसाठीं तेथील डोंगर खणले जाऊं नयेत म्हणून आलेक्सिस मासोल गोन्सालेस व त्यांच्या पत्नी तिंती देया यांनीं १९८० सालीं ही संस्था उभी केली. दीर्घ लढ्यानंतर खाणींचा बेत रद्द झाला आणि १९९६ सालीं तेथील वन संरक्षित ठरलें. संस्थेनें कॉफी विकून आपला खर्च भागविला, व १९९९ सालीं छपरावर सौरपट्ट्या बसविल्या. वादळास त्या वेळीं अठरा वर्षें अवकाश होता!

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावयास हवी. छपरावर सौरपट्ट्या असल्या कीं अंधाराची भीति गेली, हा समज खरा नव्हे. सार्वजनिक तारेस जोडलेल्या साध्या सौरपट्ट्या, तारेंतील वीज जातांच, आपोआप बंद पडतात. तारा दुरुस्त करणाऱ्यांच्या जिवास धोका पोहोंचूं नये म्हणून तशी योजनाच असते. घर तारेपासून अलग करण्याची सोय व दिवसाची वीज रात्रीसाठीं सांठविणारी बॅटरी, हीं दोन्हीं असतील तरच संकटांत दिवा लागतो. कासा पुएब्लोच्या दिव्याखालीं लोक आले, ते दूरध्वनि भारून घेण्यासाठीं, औषधें थंड ठेवण्यासाठीं, श्वासोच्छ्वासाचीं यंत्रें चालविण्यासाठीं. संस्थेनें हजारों सौरकंदीलही वांटले.

त्या दिव्याचें मोल आंकड्यांवरून कळतें. सरकारनें प्रथम ६४ मृत्यु मानले होते. पुढें फेब्रुवारी २०१८ पर्यंतचा हिशेब झाल्यावर २,९७५ ही संख्या त्यास स्वीकारावी लागली. वादळ ओसरल्यावरही माणसें मरत राहिलीं, हाच याचा अर्थ.

एका घराच्या दिव्यानें बेट उजळत नाहीं, हा आक्षेप रास्त आहे. बॅटऱ्याही कालांतरानें निकामी होतात व त्या बदलण्यास पैसा लागतो. म्हणूनच २०२३ सालीं गांवांतील दुकानें एकत्र जोडून सौरविजेचें सामाईक जाळें सुरू करण्यांत आलें. आपल्याकडे देवळांतील नंदादीप कोणा एकाच्या मालकीचा नसतो. पण त्यांत तेल घालण्याची जबाबदारी मात्र कोणीतरी रोज उचलावी लागते. आदहुंतासच्या लोकांनीं ती वादळापूर्वीं उचलली होती.