'टॅलेंट' : तराजूपासून व्यासपीठापर्यंत

मत्तयकृत शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायातील दृष्टांतावर बोलताना आपल्यापैकी अनेक जण 'टॅलेंट' हा इंग्रजी शब्द सहज उच्चारतात. मराठी भाषांतरांत या ठिकाणी कोठे हजारो रुपये, तर कोठे चांदीच्या नाण्यांच्या थैल्या आल्या आहेत. परंतु इंग्रजी टीकाग्रंथ वाचून उपदेशाची तयारी करणाऱ्याच्या मुखी 'टॅलेंट' येतो, आणि त्याच्यासोबत उपजत कौशल्य हा त्याचा आजचा अर्थही येतो. मग ज्याला गळा आहे त्याने गावे, ज्याला वाणी आहे त्याने बोलावे, असा बोध केला जातो. आणि ज्याला गळाही नाही व वाणीही नाही असा श्रोता, आपल्या वाट्याला काहीच आले नाही, असे समजून घरी जातो. यास्तव या शब्दाचा इतिहास पाहणे ही केवळ भाषाशास्त्राची हौस नव्हे.

मूळ ग्रीक शब्द 'टालांटोन' असा आहे. त्याचा पहिला अर्थ तराजू किंवा तराजूचे पारडे. होमरच्या 'इलियड' महाकाव्यात झ्यूस देव वीरांचे भवितव्य सोन्याच्या तराजूत तोलतो, तेथे हाच शब्द आहे. उचलणे, भार वाहणे या अर्थाच्या ज्या प्राचीन धातूपासून तो निघाला, त्याच धातूपासून संस्कृतातील 'तुला' हा शब्द आला, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. आपले तोल, तोलणे, तोळा हे शब्द त्याच कुळातले. म्हणजे परका वाटणारा हा शब्द आपल्या सोनाराच्या दुकानातील तोळ्याचा दूरचा भाऊबंद ठरतो.

पारड्यावरून तो पारड्यात घालावयाच्या मोठ्या वजनाला लागला आणि वजनावरून तितक्या चांदीच्या किमतीला. अथेन्सचा टालांटोन सुमारे 26 किलोग्रॅमचा होता. त्याचे 60 मिना, म्हणजे 6000 द्राख्मा होत. इब्री शास्त्रातील 'किक्कार' या वजनासाठीही ग्रीक भाषांतरकारांनी हाच शब्द योजिला. निर्गमाच्या अडतिसाव्या अध्यायातील हिशेब मांडून पाहिल्यास एका किक्कारात 3000 शेकेल भरतात.

शुभवर्तमानाच्या काळी मजुराची दिवसाची मजुरी एक दीनार होती, हे द्राक्षमळ्याच्या दृष्टांतावरून आपणास ठाऊक आहे. दीनार व द्राख्मा ही साधारण सारख्या मोलाची नाणी. तेव्हा एक टालांटोन म्हणजे 6000 दिवसांची मजुरी. वर्षाला 300 दिवस काम धरले, तर ही वीस वर्षांची कमाई झाली. मत्तयाच्या अठराव्या अध्यायातील दासाचे देणे 10,000 टालांटोन होते. योसेफस या इतिहासकाराच्या नोंदीप्रमाणे गालील व पेरिया या प्रांतांतून हेरोद अंतिपाला वर्षाला 200 टालांटोन उत्पन्न मिळे. त्या मानाने हे देणे दोन प्रांतांच्या पन्नास वर्षांच्या उत्पन्नाइतके होते. आणि त्याच दासाने सोबत्याचा गळा धरला तो केवळ 100 दीनारांसाठी!

वजनाचा हा शब्द मनुष्याच्या गुणास कसा लागला? त्याला दोन वाटा आहेत. लॅटिनमधून तो जुन्या फ्रेंचमध्ये गेला तेव्हा इच्छा, मनाची ओढ, असा त्याचा अर्थ झाला होता. पारडे ज्या बाजूस झुकते ती मनाची बाजू. मराठीतही आपण पारड्याचा कल म्हणतो, तसाच मनाचा कलही म्हणतो. हा अर्थ इंग्रजीतही काही काळ होता, पुढे तो मागे पडला. दुसरी वाट दृष्टांताची. धन्याने सोपविलेले द्रव्य म्हणजे देवाने दिलेले सामर्थ्य, असे व्याख्यान ऐकता ऐकता पंधराव्या शतकापासून इंग्रजीत 'टॅलेंट' हे सामर्थ्याचेच नाव होऊन बसले. विल्यम टिंडलच्या 1526 च्या नव्या करारात व 1611 च्या अधिकृत भाषांतरात मूळ शब्द तसाच राहिला, त्यामुळे शब्द व व्याख्यान यांची गाठ अधिकच घट्ट झाली. पुढे लोक दृष्टांत विसरले, धनी विसरले, आणि टॅलेंट ही ज्याची त्याची मालमत्ता झाली.

हे व्याख्यान निराधार होते असे आम्ही म्हणत नाही. संत योहान क्रिझोस्टम यांनी टालांटोनाचा अर्थ ज्याचे त्याचे सामर्थ्य असाच केला. परंतु त्यांनी त्यात दुसऱ्याला आश्रय देणे, पैसा व शिकवण ही सर्व घातली. पोप थोर ग्रेगरी यांनी तर श्रीमंताच्या घरी ज्याची ओळख आहे त्यालाही ती ओळख गरिबांसाठी वापरण्यास सांगितले. या धर्मपित्यांच्या दृष्टीसमोर शेजारी होता. आजच्या शब्दातून तोच नाहीसा झाला आहे.

शिवाय पंधराव्या वचनाकडे नीट पाहावे. धन्याने ज्याच्या त्याच्या योग्यतेप्रमाणे दिले, असे तेथे आहे. म्हणजे योग्यता निराळी आणि दिलेले द्रव्य निराळे. दासांची योग्यता धन्याने लक्षात घेतली. पण सोपविले ते स्वतःचे धन. तेव्हा आपल्या अंगच्या गुणांची मोजदाद करणे हा या दृष्टांताचा गाभा नव्हे. दुसऱ्याचे धन आपल्या हाती आले आहे, हा तो गाभा आहे.

आणि ज्याला एकच मिळाला तो उपाशी नव्हता; वीस वर्षांची मजुरी त्याच्या हाती होती. त्याने ती उधळली नाही, चोरलीही नाही. पैसा सुरक्षित राखावयाचा तर जमिनीतच, असे रब्बी शमुवेल यांचे वचन तालमूदात आहे. आपल्याकडेही पुरलेल्या हंड्यांच्या गोष्टी गावोगावी आहेत. लोकरीतीप्रमाणे तो सावध मनुष्य ठरला असता. परंतु धन्याने दिले होते भांडवल, आणि भीतीपोटी त्याने त्याची ठेव केली. त्याचा अपराध एवढाच, आणि एवढा मोठा.

पौलानेही तीमथ्याला ठेव सांभाळावयास सांगितले. पण त्याच तीमथ्याला, जे ऐकलेस ते विश्वासू माणसांस सोपवून दे, असेही सांगितले. ही ठेव दिल्याने राखली जाते. बेळगाव, हैदराबाद, बडोदे, इंदूर येथे चार घरांच्या मराठी मंडळीत प्रार्थना चालविणाऱ्या धर्मशिक्षकाला आपल्याजवळ काही 'टॅलेंट' नाही असे वाटत असेल, तर त्याने हा हिशेब एकदा करावा. त्याच्या हाती शुभवर्तमान दिले आहे. ते तोलून पाहिले, तर एका माणसाला उचलवणार नाही एवढे त्याचे वजन आहे.