चुड्यातली काच आली कुठून?

आपल्या जळकोटहून तुळजापूरला गेलात की देवळाच्या वाटेवर हिरव्या बांगड्यांची दुकानं दिसतातच. काचेचा चुडा म्हणजे अगदी अनादी काळापासूनचा, असं आपण धरून चालतो. जमीन खणली की गोष्ट जरा वेगळी निघते.

काच आपल्याला नवीन नव्हती हां. आपल्याच जिल्ह्यातल्या तेरला सातवाहन काळातले काचेचे मणी सापडलेत. पण तेव्हाच्या बांगड्या बघाल तर शंखाच्या खूप. मग 1945-46 मध्ये सांकळिया आणि मोरेश्वर दीक्षित यांनी कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर उत्खनन केलं. तिथं बहमनी काळाच्या थरात काचेच्या रंगीबेरंगी बांगड्या निघाल्या. बहमनी राज्य 1347 चं. म्हणजे ज्या काळाला आपण नुसता लढायांचा काळ म्हणतो, त्याच काळात ही फॅशन जोरात होती. मला तरी हे वाचून मजा वाटली.

आता बनवायचे कसे? नुसती वाळू वितळवायला साधारण 1700 अंश लागतात, आणि तेवढी भट्टी तेव्हा कुणाकडेच नव्हती. म्हणून वाळूत क्षार घालायचा, की हजार-अकराशे अंशांतच काम होतं. इराक-सीरियात खाऱ्या जमिनीतल्या झुडपांची राख घालायचे. रंगासाठी तांबं, लोखंड, मँगनीज. गरम काचेची कांडी ओढायची, गोल वळवून टोकं जोडायची, वरून दुसऱ्या रंगाचा धागा फिरवायचा. सांधा नको असेल तर काचेचा गोळा सळईवर गरगर फिरवून मोठा करायचा.

सीरियातले कारागीर तेराव्या शतकात मशिदीच्या दिव्यांवर रंगीत काचेची पूड तेलकट द्रवात कालवून रंगवायचे आणि परत भट्टीत धरायचे. रंग म्हणजे काचच, त्यामुळे तो उडायचा प्रश्नच नाही.

आणि फुटलेली काच? ती तर माल! साधारण 1025 च्या सुमारास तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर, शेर्चे लिमानीला, एक जहाज बुडालं. त्यात सुमारे तीन टन काच होती: दोन टन कच्ची, आणि एक टन नुसती फुटकी भांडी, परत वितळवायला निघालेली. फुटक्या काचेमुळे भट्टीतला नवा माल लवकर वितळतो, म्हणून तिला भाव. आपले कासार बांगडी ‘फुटली’ म्हणत नाहीत, ‘वाढली’ म्हणतात. भट्टीवाल्याला हा शब्द नक्की पटला असता.

पुढच्या भागात बिदरला जाऊ, महमूद गवानच्या मदरशाच्या चकाकत्या फरशा बघायला. त्यावरची चकाकीसुद्धा काचच आहे.