लक्ष्मीचे लुगडे

मुंबईहून पुण्यास जाणारी गाडी कर्जत सोडून बोरघाट चढू लागली की पळसदरीच्या पुढे ठाकुरवाडी लागते. ठाकूर लोकांच्या वस्तीला या बाजूस ठाकुरवाडी म्हणतात. कर्जत-खालापुरात या नावाच्या वाड्या एकाहून अधिक आहेत आणि घाटातल्या रेल्वेच्या केबिनचेही नाव तेच. उताराची गाडी ब्रेक तपासण्यापुरती येथे थांबते. प्रवाशांना त्यात विशेष असे काही दिसत नाही. मला मात्र येथे एका छापखान्याची आठवण होते.

राजा रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत गिरगावात शिळाछापखाना काढला. पुढे तो घाटकोपरला गेला आणि अखेर घाटमाथ्यावर, लोणावळ्याजवळ मळवलीस स्थिरावला. बोरघाटातली रेल्वे १८६३ पासून चालू होती. तेव्हा ज्या लक्ष्मी-सरस्वती आमच्या देव्हाऱ्यांत आल्या, त्यांतल्या कितीतरी हाच घाट उतरून मुंबईच्या बाजारात गेल्या असल्या पाहिजेत. हे छापणे म्हणजे मोठा खटाटोप. प्रत्येक रंगाला वेगळी शिळा, प्रत्येक शिळेवर चित्र उलटे काढावयाचे, आणि तोच कागद पुनःपुन्हा दाबाखाली घालताना रंग केसभरही सरकता कामा नये. दादासाहेब फाळके काही काळ याच छापखान्यासाठी काम करीत होते. १९१३ साली त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला, तेव्हा देवादिकांचे रूप कसे असते हे प्रेक्षकांस नव्याने सांगावे लागले नाही. भिंतीवरच्या चित्रांनी ते आधीच ठरवून टाकले होते.

येथवरचा इतिहास पुस्तकांतून मिळतो. चित्र घरी आल्यावर त्याचे काय झाले, याकडे मात्र आमच्या विद्वानांचे फारसे लक्ष गेले नाही. बाजारची वस्तू, तीत कला कसली, अशी त्यांची समजूत! परंतु लोकांनी ती चित्रे नुसती टांगली नाहीत. कापडाच्या तुकड्यांनी त्यांनी देवीला खरे लुगडे नेसवले, काठाला जर लावली, मुकुटावर टिकल्या आणि मणी जडवले. हे काम कधी जरीकाम करणारा कारागीर करी, पण पुष्कळदा घरातलीच बाई करी. गिरणीच्या कापडाच्या ताग्यावरील रंगीत छाप जपून ट्रंकेच्या झाकणाला आतून चिकटवणारी मंडळीही याच जातीची. १९१२ साली पिकासोने छापील मेणकापडाचा तुकडा चित्रात चिकटवला आणि युरोपात कलेचे नवे युग सुरू झाले, असे आपण वाचतो. आमच्याकडील बायकांना आपण कोणते युग सुरू करीत आहो याची वार्ताही नव्हती.

पुढे भूपेन खख्खर आले. मुंबईत १९३४ साली जन्मलेला हा मनुष्य पेशाने हिशेबनीस. बाजारातली देवांची चित्रे कापून त्यांनी आपल्या फलकांवर चिकटवली आणि १९६५ साली जहांगीर कलादालनात मांडली. पुढे त्यांनी घड्याळे दुरुस्त करणारा, न्हावी, शिंपी असे रोजचे लोक रंगवले. त्यांचे 'जनता वॉच रिपेअरिंग' १९७२ चे. त्याच वर्षी मळवलीच्या छापखान्यास आग लागून पुष्कळ ऐवज भस्म झाला.

खख्खरांचे नाव झाले, आणि ते योग्यच झाले. पण संग्रहालयात जरीच्या चित्राखालची पाटी पाहा: रविवर्म्यांचे नाव असते, छापखान्याचे असते, जिने लुगडे शिवले तिचे नसते.

आमच्या घरी अशी एक लक्ष्मी होती. आजीने आत्याच्या लग्नातल्या शालूची कड तिच्या पदराला लावली होती. जुन्या वस्तू विकत घेणारे एक गृहस्थ आले, म्हणाले, "वरची कलाकुसर काढलीत तर मूळ चित्राचे चांगले पैसे येतील." वडिलांनी ती काढू दिली. खालून छापील लुगडे निघाले, रंग अगदी ताजा. मात्र पदराच्या कडेने सुईची भोके तशीच राहिली होती. ती पाहून त्या गृहस्थांनी किंमत निम्म्यावर आणली. कड आजीने उचलून आपल्या पिशवीत ठेवली.